कोरडं वजन

आमच्या भागात वजन वाढलं म्हणून कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली की गाडीवानापासून मालकापर्यंत सगळे जण त्या आकड्याकडे एकाच आशेने बघतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वाळतो आणि वजन घटतं, म्हणून माझे वडील ऊस तुटल्यापासून काट्यावर पोचेपर्यंत धड जेवतसुद्धा नसत. अशा घरात जन्म घेऊन, वजन वाढलं म्हणून हमसून हमसून रडलेली बारामती तालुक्यातली पहिली बाई बहुधा मीच. गोष्ट नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली आहे, आणि रडण्याचं कारण होतं चिमूटभर निळी भुकटी.

मी तेव्हा बारामतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये अर्ज करायचा, जुलैत बोलावणं यायचं, एप्रिलमध्ये ‘या आता’ म्हणायचे, आणि मधल्या काळात विद्यार्थ्यांनी मला कायमची समजायचं. माळेगावहून सायकलवर यायचे. तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की पुढच्या जूनमध्ये एक कायमची जागा भरायची आहे. तोवर माझं एम.फिल. झालं तर ती माझी, नाहीतर जाहिरात निघेल आणि जो येईल त्याची. ‘मग तुमच्या तासिकाही त्यांच्याकडेच द्याव्या लागतील,’ हे ते इतक्या हळुवारपणे म्हणाले, की मी आधी त्यांचे आभार मानले आणि ते काय म्हणाले हे मला जिन्यात आल्यावर कळलं.

एम.फिल.साठी पुण्याच्या सरांनी मला विषय दिला होता तो असा. कोबाल्ट या धातूचं एक संयुग बनवायचं. त्यात धातूचे कण आणि आम्लाचे रेणू एकमेकांना धरून उभे राहतात आणि मध्ये बारीक पोकळ्या उरतात. डोळ्यांना सोडाच, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या. या पोकळ्यांत हवेतलं पाणी येऊन बसतं, आणि भुकटी तापवली की ते निघून जातं. पाणी आत असताना भुकटी गुलाबी असते, पाणी गेलं की जांभळट निळी. भाडेकरूंनी यावं, राहावं, जावं, आणि भिंतीला खिळ्याचं भोकही पडू नये, असं ते घर. बारामतीत तसं घर मी अजून पाहिलेलं नाही. पण माझी भुकटी तशी आहे, पाणी कितीही वेळा आलं-गेलं तरी ती कोसळत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं.

सिद्ध करायचं ते वजनाने. भुकटी ओव्हनमध्ये तापवून कोरडी करायची, हवाबंद काचेच्या हंडीत थंड करायची आणि तोलायची. मग तिला पाणी पाजायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा तोलायचं. प्रत्येक वेळी कोरडं वजन पहिल्याइतकंच, अगदी चौथ्या दशांश स्थळापर्यंत तेवढंच भरायला हवं. भरलं तर भुकटी शाबूत, एम.फिल. शाबूत, जागा माझी. जास्त भरलं तर आत काहीतरी बिघडलंय, पाणी अडकून बसलंय, आणि माझंही गाडं अडकलंय.

वजनाच्या खोलीची किल्ली तात्यांकडे असायची. तात्या आमचे प्रयोगशाळा परिचर. गाव इंदापूरच्या अलीकडचं. आजा-पणजापासून मेंढरं राखणारं घर, आणि तात्यांनीही विशीपर्यंत कळपामागे पायपीट केलेली. पुढे घरातली मेंढरं गेली, थोडी शेती आली आणि तात्या कॉलेजात चिकटले. आठवडाभर ते बारामतीत लेकीकडे राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायचे. वजनाची खोली त्यांना देवघराच्या जागी होती. काचेच्या पेटीतल्या आमच्या एकुलत्या एका बॅलन्सला ते रोज सकाळी हात जोडत. एका दसऱ्याला त्यांनी पारड्याला हळदकुंकू वाहिलं, आणि पुढे महिनाभर सगळ्या विभागाचे आकडे थोडे जास्तच मंगल येत होते.

मी काय करते आहे ते तात्यांना समजावून सांगणं हे मी माझं कर्तव्य मानलं. त्या वयात मला अशी बरीच कर्तव्यं होती.

“म्हंजे ही भुकटी हवंतलं पानी पिती?” त्यांनी विचारलं.

“पिते, आणि तापवलं की सोडते.”

“मंग आमची लोकर काय येगळं करती? पावसाळ्यात घोंगडं बघा, उचलवत न्हाय. उन्हात टाकलं की पुना हाय तसं.”

मी म्हटलं, तसं नाही तात्या, लोकर वेगळी. आणि खडू घेऊन फळ्यावर पाऊण तास धातूचे कण, त्यांचे हात, त्या हातांमधल्या पोकळ्या असं सगळं काढून दाखवलं. तात्यांनी एकदाही जांभई दिली नाही. शेवटी त्यांनी फडक्याने फळा पुसला आणि म्हणाले, “कळलं. लोकरच, पर इंग्रजी.”

सुरुवातीला माझी अडचण उलटीच होती. पाण्याच्या ताटलीवर झाकून ठेवली तरी भुकटी पोटभर पाणी प्यायला तयार होईना. गणिताप्रमाणे जितकं वाढायला हवं तितकं वजन काही वाढेना. एका दुपारी मी वैतागून बाहेर आले आणि दारातल्या स्टुलावर बसलेल्या तात्यांना म्हणाले, “वजन भरत नाही हो तात्या. हे वजन नाही भरलं तर जूनमध्ये माझं काही खरं नाही.” तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

पुढे भुकटी जास्त बारीक वाटल्यावर ती अडचण सुटली. पाणी ती भरपूर पिऊ लागली. पण सुटल्याचं मी तात्यांना सांगितलं नाही, कारण लगेच दुसरी सुरू झाली. आता कोरडं वजन जागेवर येईना. पहिल्या फेरीत थोडं जास्त, दुसरीत आणखी जास्त, तिसरीत जरा उतरलं म्हणून जीव भांड्यात पडेपर्यंत चौथीत पुन्हा वर. जास्त किती, ते रोज निराळं, पण कमी म्हणून कधी नाही. मी ओव्हनचा थर्मामीटर बदलला. हंडीच्या झाकणाला नवं ग्रीस लावलं. ओव्हनमध्ये भुकटी दुप्पट वेळ ठेवली. झाकणाच्या बाटलीत भुकटी घालून तोलणं सगळ्यांत चांगलं, पण कॉलेजातल्या एकमेव बाटलीचं झाकण माझ्या आधीच्या पिढीने फोडलेलं होतं, त्यामुळे उघड्या काचेच्या वाटीतच तोलावं लागे. त्याने थोडा फरक पडतो हे मला ठाऊक होतं. पण बारामतीची कोरडी हवा, त्यात फेब्रुवारी. इथल्या हवेत पाणी असतं तर पाटाच्या पाळ्यांवरून भांडणं कशाला झाली असती?

पुरावा नव्हता असं नाही. बॅलन्सच्या पेटीत ओल शोषणाऱ्या खड्यांची एक वाटी असते. तेही कोरडे असताना निळे आणि ओले झाले की गुलाबी. ते खडे रोज माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी होत होते, आणि मी ‘माल जुना झाला’ म्हणून रोज ते भाजायला देत होते. दुसरं म्हणजे ती खोली फार गार असायची. बाहेर ऊन भाजतंय आणि आत पाऊल टाकलं की बरं वाटायचं. त्याचं श्रेय मी जाड दगडी भिंतींना देत आले. एम.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता, हे इथे सांगून ठेवते.

रोज तोलून झालं की तात्या दारातून विचारायचे, “भरलं का वजन, बाई?”

“भरलंय की,” मी दात ओठ खात म्हणायचे, “चांगलं भरभरून भरलंय.”

उपरोधाने बोलणं ही शिकल्यासवरल्या माणसांची खोड. तात्यांना ती नव्हती. त्यांचा चेहरा उजळायचा.

शेवटी मी सगळे आकडे सरांना पत्राने कळवले. सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. त्यांना पोस्टकार्डसुद्धा मोठं व्हायचं. रचना कोसळत असावी, मार्चअखेर येतो, समोर तोलू, वजन जागेवर नाही आलं तर विषय बदलू. एवढंच. विषय बदलायचा म्हणजे एक वर्ष गेलं, आणि जून काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. ते कार्ड हातात घेऊन मी वजनाच्या खोलीत बसून रडले. तात्या खडे भाजून घेऊन आले तेव्हा मी पदराने डोळे पुसत होते. ते वाटी ठेवून, पाय न वाजवता निघून गेले. सर कधी येणार, एवढंच त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

सर आले ते शनिवारी, सकाळच्या एसटीने. खांद्याला झोळी, खिशात तीन पेनं, अंगाने काटकुळे. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, बॅलन्स कुठे आहे म्हणाले. मी आदल्या दिवशी वाळवून ठेवलेली भुकटी हंडीतून काढली. छान निळी होती. सर स्वतः स्टुलावर बसले, वाटी पारड्यात ठेवली, पेटीची काच लावली आणि आकडा स्थिरावायची वाट बघू लागले. आकडा स्थिरावेचना. आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर चढत होता. मी भुकटीकडे पाहिलं, तर कडेने ती गुलाबी होऊ लागली होती. इतकं वाईट याआधी कधीच झालं नव्हतं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. आकडा लिहायला काढलं की विषय कायमचा खोडायला, ते मला सांगता येणार नाही, कारण ते टोपण त्यांच्या हातून निसटून टेबलाखाली गेलं. सर वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी टेबलाखालून एक पोतं ओढून काढलं. चिंब ओलं. ते बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा हात घातला आणि दुसरं काढलं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं. मला, की पोत्याला, ते कळलं नाही.

दारात तात्या उभे होते. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. त्यांना वाटलं, आपल्याला विचारलंय. आणि ज्याचं काम पाहुण्याच्या नजरेला पडलं त्या माणसाच्या समाधानाने ते पुढे आले.

“सायेब, बाई म्हनल्या वजन भरत न्हाय. वजन न्हाय भरलं तर नोकरी जाती. मंग मी त्या यायच्या आदी फरशीवर सडा मारायचो आन पोतं भिजवून खाली सारायचो. आमी लोकर इकायचो न्हवं का, तवा व्यापारी यायच्या आदी गठ्ठं वल्या जिमिनीवर ठिवायचो. वरनं पानी मारायचं न्हाय, त्यो हात लावून बघतो. हवंतनं हळूहळू पिऊ द्यायचं. त्यो काटा मारायचा, आमी वलीत भरून काढायचो, हिशोब बरुबर.” मग त्यांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. “आज तुमी येनार म्हनून दोन पोती लावली.”

सर हसू लागले. मी त्यांना चार वर्षं ओळखत होते आणि त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. “म्हणजे इतके दिवस तुमच्या भुकटीने आपलं काम चोख केलं,” ते म्हणाले, “आणि यांनीही चोख केलं.” तिसरं माणूस कोण उरलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला ते हसणं झोंबलं. खरं तर त्या क्षणी मी आनंदाने नाचायला हवं होतं. रचना कोसळत नव्हती, भुकटी शाबूत होती, उलट टेबलाखालची ओलसुद्धा ओळखण्याइतकी ती हुशार निघाली होती. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की सरांसमोर माझं हसं झालं. आणि मी तात्यांवर ओरडले, “मेंढरंच राखायची होतीत तुम्ही! या खोलीत कुणी आणलं तुम्हाला?”

तात्यांनी दोन्ही पोती उचलली, खांद्यावरच्या टॉवेलने खालची फरशी पुसली, कोपऱ्यापर्यंत नीट पुसली, आणि मागे सरकत सरकत दाराबाहेर गेले. सरांनी चष्मा घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारपर्यंत आम्ही खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवून ती वाळवली. भुकटी पुन्हा तापवली, थंड केली. चार वाजता तोलली. आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्यावर येऊन बसला, चौथ्या दशांश स्थळापर्यंत, आणि तिथून हलला नाही. सरांनी तो लिहून घेतला. मग म्हणाले, आधीचे सगळे कोरडे आकडे रद्द. मेअखेर वीस फेऱ्या नव्याने करा, मी सही करतो.

मी त्यांना सुचवून पाहिलं, की रोजचं पोत्याचं पाणी वजा करून जुने आकडे दुरुस्त करता आले तर? सर म्हणाले, त्यांना विचारा रोज किती पाणी असायचं.

“अंदाजानं,” बाहेरून तात्यांचा आवाज आला. त्या दिवशी त्यांनी दुपारची एसटी सोडून दिली होती.

सर गेले, आणि आठ दिवसांत पार्सलने त्यांनी झाकणाची एक बाटली पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती. परीक्षा संपल्या, कॉलेजला सुट्टी लागली, लाईट दिवसातून चार तास जाऊ लागली, आणि माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. तापवा, तोला, पाजा, तापवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये लाईट गेली की ओव्हन गार, आणि फेरी पहिल्यापासून. प्राचार्य येता-जाता ‘चालू आहे ना?’ विचारायचे, त्यात आस्था किती आणि जाहिरातीची चौकशी किती ते मी तोलू शकले नाही.

सुट्टीत तात्यांना यायचं कारण नव्हतं. त्यांची लेक सासरच्या माणसांबरोबर गावी गेली होती, त्यामुळे बारामतीत राहायची सोयही नव्हती. तरी ते इंदापूरकडून पहिल्या एसटीने रोज येत आणि वजनाच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसत. कुलूप उघडून देत. मी मागितलेली वस्तू आणून उंबऱ्याच्या आत, हात लांब करून ठेवत. पहिले काही दिवस मला ते सोयीचं वाटलं. वाटलं, चला, शहाणे झाले, आता ओल आत येणार नाही. व्हरांड्यातला पाण्याचा माठ त्यांनी उचलून पार मैदानापलीकडच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवला होता. त्यावरही मी हसलेच. म्हटलं, तात्या, माठ एवढ्या लांब कशाला, माझी भुकटी काय चालत जाऊन पाणी पिणार आहे? ते म्हणाले, “तिचा भरवसा न्हाय.”

सातव्या की आठव्या फेरीला माझ्या लक्षात आलं. मे महिन्यातली दुपार, हवेत नुसत्या झळा. मी आकडा लिहून बाहेर आले तर तात्या स्टुलावर नव्हते. तापलेल्या मैदानातून ते पाणी प्यायला कडुनिंबापर्यंत चालत गेले होते आणि तितकंच चालत परत येत होते. साठीला टेकलेला माणूस. येऊन ते स्टुलावर बसले, टॉवेलने तोंड पुसलं, आणि टॉवेल दारापासून लांब, खांबाला वाळत घातला. तेव्हा मी हिशोब केला, की त्या शनिवारपासून या माणसाने एकदाही या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. सकाळी बॅलन्सला हात जोडायचे तेसुद्धा बाहेरूनच. मला स्वतःची लाज वाटली. नुसती वाटली नाही, तिने दिवसभर पाठ सोडली नाही.

क्षमा मागायला मला त्यानंतरही चार फेऱ्या लागल्या. फळ्यासमोर पाऊण तास बोलणारी मी, चार शब्दांसाठी रोज सायकलवर तालीम करत होते. शेवटी एकदा किल्ली परत देताना म्हणाले, “तात्या, त्या दिवशी सरांसमोर मी जे बोलले—”

“कवा?”

“त्या शनिवारी. पोत्यांवरून. मी फार वाईट बोलले.”

“मला न्हाय ऐकू आलं,” तात्या म्हणाले. “फॅन चालू हुता.”

आणि किल्ली कनवटीला लावून एसटी गाठायला निघून गेले. वजनाच्या खोलीत पंखा नसतो. वाऱ्याने पारडं हलतं म्हणून कधी बसवतच नाहीत. हे मला पहिल्या दिवशी तात्यांनीच सांगितलं होतं.

विसावी फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. लाईटने त्या दिवशी कृपा केली. मी भुकटी थंड करून बाटलीत घातली, झाकण लावलं, बाटली पारड्यात ठेवली आणि काचेतून आकडा पाहिला. मग डोळे मिटून दहा अंक मोजले आणि पुन्हा पाहिला. आकडा तोच होता. वहीत लागोपाठ वीस वेळा एकच वजन लिहिलेलं, जणू मला दुसरं काही लिहिता येत नाही. मी त्याखाली तारीख घातली आणि सही केली. जागा माझी झाली होती. हे मला ज्याला सगळ्यांत आधी सांगायचं होतं तो माणूस दाराबाहेर चार हातांवर बसला होता.

“तात्या, झालं! वीस झाल्या. या, आत येऊन बघा.”

“बेस झालं,” ते स्टुलावरून उठले. “पर नगं. हितनंच बघतो.”

“या हो. आता काही बिघडत नाही.”

“पाय वलं हायेत माजं.”

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. वहाणा बाहेर काढलेल्या. घोट्यापर्यंत पांढरी धूळ, टाचांना भेगा, आणि पाण्याचा थेंब म्हणून नाही. तेही आपल्या पायांकडे बघत होते.

मग मी आत गेले, बाटलीचं झाकण काढलं, आणि वीस फेऱ्यांत तोलताना जिला हवेचा वारा लागू दिला नव्हता ती सगळी भुकटी काचेच्या वाटीत ओतली. वाटी घेऊन उंबऱ्याबाहेर आले आणि तात्यांच्या दोन्ही हातांत दिली. त्यांनी ती परातभर दूध धरावं तशी धरली. इतके दिवस ते जिच्यासाठी पाणी मारत होते, ती भुकटी त्यांनी जवळून कधी पाहिलीच नव्हती.

“निळी हाय की,” ते म्हणाले.

“तोंड जवळ न्या आणि हळूच श्वास सोडा तिच्यावर. आरशावर सोडतो तसा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी वाटीवर तोंड भरून श्वास सोडला. मधोमध गुलाबी ठिपका उमटला आणि पसरत कडेला गेला. तात्यांनी पुन्हा श्वास सोडला. मग पुन्हा. साठीचा माणूस वाटी फिरवून फिरवून, कुठे निळं उरलंय ते शोधून तिथे श्वास सोडत होता, आणि सगळी भुकटी गुलाबी होईपर्यंत थांबला नाही. थांबले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, वजन वाढलं की आता.”

“वाढू द्या, तात्या,” मी म्हणाले.